जीप, घोडा आणि उकळतं पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी मामांच्या जीपचं इंजिन मारलं. 'बिघडलं' वगैरे म्हणत नाही, सरळ कबुली देतो. मी मारलं.

मामांचं गाव सारंगखेडा. तापीकाठचं, नंदुरबार जिल्ह्यातलं. दत्तजयंतीला तिथे भरणारा घोडेबाजार तुम्ही फोटोत तरी पाहिला असेल. मामांकडे एक म्हातारी पेट्रोल जीप आहे. लग्नसराईत भाड्याने जाते, एरवी शेताची कामं करते. पुण्याहून आलेले माझे चार मित्र आणि मी, अशी पाच आयटीवाल्यांची वरात ती जीप घेऊन तोरणमाळला निघाली. शहाद्याच्या पुढे सातपुड्याचा चढ सुरू होतो, मग सातपायरी घाट. दुपारचे दोन, खानदेशातला मे, गाडीत आम्ही पाच आणि आमच्या बॅगा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घुं घुं करत चढत होती. तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा मी तो पाहिला होता. पाहिला, आणि म्हणालो, "थोडंच राहिलंय, वर जाऊनच थांबू."

आम्ही कोड लिहिणारे लोक. वॉर्निंग आली तरी बिल्ड होतंय ना, मग चालू दे! इथे बिल्ड झालं नाही. बॉनेटमधून वाफेचा लोट आला, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. त्यावर कडी म्हणजे मी बाटलीतलं गार पाणी घाईघाईने तापलेल्या इंजिनात ओतलं. गॅस्केट आधीच उडालं होतं, आता हेडलाही तडा गेला.

मामा एक शब्द बोलले नाहीत. ऐन लग्नसराईत तीन आठवडे जीप शहाद्याच्या गॅरेजात उभी होती. डिसेंबरात मामी फोनवर सहज म्हणून गेल्या, की यंदा मामांनी बाजारात घोडी घेतली नाही. दोन वर्षं पैसे साठवत होते. ते कुठे गेले हे मला विचारावं लागलं नाही.

तेव्हापासून 'इंजिन थंड कसं ठेवतात' हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला. मी इंजिनिअर, चार वर्षं थर्मोडायनॅमिक्सच्या नावाने बोटं मोडलेला, आणि रेडिएटर नक्की काय करतो हे मला धड सांगता येत नव्हतं. मग वीकांतांना वाचत सुटलो. वाचता वाचता लक्षात आलं, की इंजिन थंड ठेवण्याचा इतिहास हा बराचसा पाणी वाया न घालवण्याचा इतिहास आहे.

आधी थोडा हिशोब. जुन्या पेट्रोल इंजिनात पेट्रोलमधल्या उर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपाशी कामाला येतो. बाकी सगळी उष्णता. त्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे जाते, आणि साधारण कामाच्या उर्जेइतकीच इंजिनाच्या अंगात उतरते. साठ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोर लावत असेल तर ही उष्णता चाळीसेक किलोवॉट होते. म्हणजे बॉनेटखाली घरातले वीस गीझर एकदम चालू! ती सतत बाहेर फेकली नाही तर आधी तेल पातळ होतं, मग पिस्टन फुगून अडकतात, हेड वाकतं.

सुरुवातीच्या लोकांनी सोपा मार्ग काढला. पाणी उकळू द्यायचं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवती पाणी होतं आणि ते चक्क वाफ होऊन उडून जायचं. हा वेडेपणा नव्हता. एक लिटर पाणी वीस अंशांवरून शंभरला न्यायला ऐंशी किलोकॅलरी लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. वाफ उष्णता घेऊन जाते, झकास घेऊन जाते. प्रश्न एवढाच, की पाणीही घेऊन जाते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणून तो सांगतात, वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतल्याची गोष्टही सांगतात. पण त्या बाईला वाटेत सगळ्यात जास्त वेळा थांबावं लागलं ते पाण्यासाठी. दिसेल त्या ओढ्यावर, खानावळीत पाणी भरायचं आणि पुढे जायचं.

हे वाचताना मला घोडा आठवला. घोड्याचे स्नायूही जुन्या इंजिनाइतकेच 'कार्यक्षम', पाचव्या-चौथ्या हिश्शाचं काम आणि उरलेली उष्णता. तो ती घामावाटे टाकतो. उन्हात जोरात पळणारा घोडा तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळू शकतो. पाण्याची वाफ करा, ती सोडून द्या आणि पुढच्या नदीवर पाणी प्या. बेंझची गाडी या बाबतीत घोडाच होती.

जर्मनीत पावलोपावली ओढे आहेत म्हणून हे चाललं. पण गाडी वेगाने पळवायची तर दर तासाला पाण्यासाठी थांबणं परवडेना. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. पाणी तेच राहणार, ते फिरत राहणार, उष्णता तेवढी हवेला द्यायची. आजच्या प्रत्येक रेडिएटरचा हा आजोबा. फोर्डच्या मॉडेल टीने तर (ती १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती) पाण्याचा पंपही जवळजवळ वगळला. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं, त्याच जोरावर फिरू द्या. स्वस्त आणि मस्त. फक्त पाण्याची पातळी खाली गेली की हे फिरणं थांबायचं आणि गाडी उकळायची.

आता या गाड्या घेऊन वाळवंटात जायचं म्हणजे विचार करा. रस्त्यावर गाडी पन्नासच्या वेगाने धावते तेव्हा वारा फुकट मिळतो. वाळूत किंवा घाटात नेमकं उलटं होतं. इंजिनाला पूर्ण जोर लावायचाय आणि गाडी चालतेय माणसाच्या चालीने. उष्णता जास्तीत जास्त, वारा कमीत कमी. त्यात वारा पाठीमागून येत असेल तर रेडिएटरच्या दृष्टीने हवा जवळपास थांबलेलीच. ऑफरोड गाडीचं दुखणं एका ओळीत सांगायचं तर हेच.

इथे आपल्या गोष्टीत एक माणूस येतो, राल्फ बॅग्नोल्ड. ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर, नंतर सिग्नल्समध्ये. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये पोस्टिंग असताना सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने, मित्रांबरोबर मॉडेल टी आणि पुढे मॉडेल ए गाड्या घेऊन तो लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. आपण ट्रेकला जातो तसा! त्यावर १९३५ मध्ये 'लिबियन सँड्स' नावाचं पुस्तक लिहिलं आणि १९४१ मध्ये वाळू वाऱ्याने कशी वाहते यावर एक शास्त्रीय ग्रंथ. मंगळावरच्या एका वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्याला आज त्याचं नाव आहे.

वाळवंटात बर्थाताईंचे ओढे नाहीत. जे पाणी रेडिएटर पिणार ते माणसांच्या वाटणीतून जाणार. म्हणून या मंडळींनी रेडिएटरचं झाकण हवाबंद केलं आणि जी नळी एरवी उकळलेलं पाणी रस्त्यावर सांडते ती एका डब्यात सोडली. डबा अर्धा पाण्याने भरलेला, नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं. इंजिन उकळलं की वाफ डब्यातल्या गार पाण्यात जाऊन पाणी होते. इंजिन गार झालं की आत पोकळी तयार होते आणि तीच नळी डब्यातलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. एक थेंब वाया नाही. डबासुद्धा उकळायला लागला तर गाडी वळवून तोंड वाऱ्याकडे करायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने 'गुळगुळ' असा आवाज यायचा. पाणी परत घरी आलं, चला पुढे.

ही कल्पना एकट्या बॅग्नोल्डची नव्हे. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या वाळवंटात फिरणाऱ्या ब्रिटिश मोटार तुकड्यांनीही फोर्डवर असे डबे लावले होते. पण बॅग्नोल्डने ती पद्धत पक्की केली. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, तेव्हा त्यांच्या शेवर्ले ट्रकवर हे डबे होतेच. पुढे १९४२ च्या उन्हाळ्यात डेव्हिड स्टर्लिंगच्या एसएएसला अमेरिकन जीपा मिळाल्या. त्यांनी काय केलं? जीपच्या तोंडावरचे लोखंडी गज बरेचसे कापून टाकले, जास्त हवा आत यावी म्हणून, आणि पुढे रेडिएटरपाशी तोच वाफेचा डबा बसवला. त्या वर्षी जुलैत सिदी हनीशच्या विमानतळावर अठरा जीपा घेऊन त्यांनी रात्री छापा घातला, त्या जीपांची रूपं फोटोत पाहा. गजांच्या जागी भगदाड आणि शेजारी एक नळकांडं.

गंमत बघा, जीपचा तो प्रसिद्ध चेहरा म्हणजे रेडिएटरला श्वास घ्यायला ठेवलेल्या फटी. युद्धातल्या जीपला नऊ फटी होत्या, नंतरच्या नागरी जीपला सात. आज कंपन्या त्याला ओळखचिन्ह मानतात. मुळात ती खिडकी आहे.

मूळ जीपचं इंजिन 'गो डेव्हिल' नावाचं, सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचं, साठ हॉर्सपॉवर. त्याच्या व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये. म्हणजे जळालेला गॅस ब्लॉकमधूनच बाहेर जातो आणि जाताना पाणी आणखी तापवतो. समोर जर्मनांची क्युबेलवागन होती. तिच्यात पाणीच नव्हतं, इंजिन नुसत्या हवेवर गार व्हायचं. आपल्या बुलेटसारखं. ना उकळायची भीती ना गळायची. पण ताकद जीपच्या निम्म्याहूनही कमी. ताकद हवी असेल तर पाणी सांभाळायला शिका, असा तो सौदा होता.

आता झाकणाबद्दल. हे प्रत्येक गाडीवाल्याने वाचावं. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर आठवा. झाकण घट्ट, वर शिट्टी, आतला दाब वाढतो आणि पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण हीच युक्ती करतं. आत एक स्प्रिंग असते. जुन्या जीपच्या झाकणाचा दाब चार पौंडांच्या आसपास होता, त्याने उत्कलनबिंदू सहा-सात अंशांनी वर जायचा. आजच्या गाड्यांत पंधरा पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास कुकरच. तोरणमाळसारख्या साडेअकराशे मीटर उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांलाच उकळतं, त्यामुळे तिथे ही युक्ती आणखी गरजेची.

पण कुकर गॅसवरून उतरवल्या उतरवल्या कोणी झाकण उघडतं का? रेडिएटरचं मात्र लोक उघडतात. दाब जाताच आतलं एकशे दहा अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. त्या दिवशी घाटात मीही हात पुढे केला होता. खालून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी खेकसून मला मागे ओढलं. गावी परतल्यावर मामांनी बाही वर करून उजव्या हातावरचा जुना डाग दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत. तोवर मला वाटायचं तो चुलीचा आहे.

जीप आपल्याकडे आली तीही मोठी गोष्ट आहे. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं आणि १९४९ मध्ये माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. बॉनेट उंच, कारण नवं हरिकेन इंजिन उंच होतं. १९७९ मध्ये प्यूजोशी करार होऊन डिझेल इंजिन आलं, आणि मग तर खेड्यापाड्यांतलं चित्रच बदललं. लग्नाचं वऱ्हाड, निवडणुकीचा प्रचार, आजाऱ्याला तालुक्याला नेणं, सगळं जीपमध्ये.

आमच्या मामांच्या जीपमध्ये मात्र तो डबा नव्हता. उकळलेलं पाणी सरळ नळीवाटे रस्त्यावर. १९३० च्या वाळवंटात जे सुटलं होतं ते खानदेशच्या मे महिन्यात अजून वाहत होतं. आजच्या तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा, कोपऱ्यात एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली दिसेल, 'मिन' आणि 'मॅक्स' लिहिलेली. तो बॅग्नोल्डचा डबा आहे.

गेल्या दिवाळीत मी आठवडाभर सुट्टी काढून सारंगखेड्याला गेलो. मामांना म्हटलं, "मामा, जीप माझ्या ताब्यात द्या चार दिवस."

मामा हसले. "परत?"

"चालवायला नाही, दुरुस्तीला."

रेडिएटर उतरवून शहाद्याला नेला. मिस्त्रींनी नळ्यांतून जे काढलं ते पाहून लाज वाटली. बोअरच्या जड पाण्याचा क्षार, अक्षरशः चुन्यासारखा. बाहेरच्या जाळीत माती आणि कापसाचे तंतू. म्हणजे मे महिन्यात मी गाडी दामटली हे खरंच, पण तिचा श्वास आधीच कोंडलेला होता. आम्ही रॉडिंग करून घेतलं, फॅन बेल्ट बदलला, फॅनभोवतीचं पत्र्याचं कडं कुणीतरी काढून फेकलं होतं ते नवीन बसवलं. ते कडं नसलं की फॅन तीच ती गरम हवा घुसळत बसतो. थर्मोस्टॅटही मागे कुणीतरी 'गाडी गरम होते' म्हणून काढून टाकला होता. हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. त्याने मूळ दुखणं बरं होत नाही, उलट एरवी इंजिन गारठलेलं राहून झिजतं. तो परत बसवला. बोअरच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" म्हणून लोक कूलंट टाळतात. पण तो उत्कलनबिंदूही वाढवतो आणि गंजही थांबवतो.

आणि शेवटी डबा. जुन्या झाकणाच्या जागी पाणी परत ओढणारं, दोन वायसरांचं झाकण, त्यातून नळी, आणि बॉनेटखाली एक बाटली. सगळा खर्च माझा. मामा नको म्हणत होते, मामींनी त्यांना गप्प केलं.

मग आम्ही दोघं तोरणमाळला गेलो. सातपायरीवर काटा चढायला लागला तसा मामांनी वळणावर गाडी घेतली, तोंड दरीच्या वाऱ्याकडे केलं, इंजिन चालूच ठेवलं.

"बंद करू ना?" मी विचारलं.

"पाणी आहे, पंखा फिरतोय, मग घाई काबर करस?" मामा अहिराणीत म्हणाले. "घोडं पळवून आणलं की लगेच बांधत नाहीत. फिरवतात."

मी थर्मोडायनॅमिक्स आठवून पाहिलं. मामा बरोबर होते. इंजिन एकदम बंद केलं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथेच साचते आणि पाणी उलट जास्त उकळतं. (पाणी गळून गेलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करायचं, हे लक्षात ठेवा.) काटा हळूहळू खाली आला. मग मामांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही चहाचा थर्मास उघडला. दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेटखालून आवाज आला, 'गुळगुळ'.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाणी घरी आलं."

डिसेंबरात दत्तजयंतीला पुन्हा गेलो. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि बाजारात शिरलो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे, धुळीत नाचणारे. एक पोरगा घोडीला फेरी मारून आला होता, तिच्या मानेवर घामाचा फेस होता. तो तिला न थांबवता लगाम धरून सावकाश चालवत होता. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मालकाला दात दाखवायला सांगितलं, खूर पाहिले, भाव विचारला.

या वर्षीही घेतली नाही. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. येताना जीपची चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि ते शेजारच्या सीटवर बसले. शहाद्यापर्यंत मी दर दोन मिनिटांनी काट्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने कळलं, मामा काट्याकडे एकदाही बघत नव्हते.